येणे, होणे, चालणे : निलंगा परिसरातील शक्यता, अनुज्ञा आणि संमती यांच्या वाक्प्रयोगांचा इतिहास

भाषेच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः नामांकडे जाते. कोणता शब्द फार्शीतून आला, कोणता कानडीतून आला, याच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत व त्यांचा उपयोगही झाला आहे. परंतु माणूस दिवसातून शेकडो वेळा जे बोलतो, म्हणजे ‘मला येते’, ‘माझ्याने होत नाही’, ‘जाऊ का?’, ‘चालेल’, ‘होय’, त्या लहान क्रियापदांचा इतिहास मात्र व्याकरणाच्या एखाद्या कलमात गुंडाळला जातो. वस्तुतः सामर्थ्य, परवानगी व रुकार या तीन गोष्टी एखादा समाज कोणत्या शब्दांनी व्यक्त करतो, यावरून त्या समाजातील सत्तेचे व शेजाराचे संबंध जितके स्पष्ट होतात तितके ते नामांच्या यादीवरून होत नाहीत. कोणाच्या ‘होय’ला संमती म्हणावे, हा तर दस्तऐवज वाचणाऱ्या प्रत्येक इतिहासकारापुढील प्रश्न आहे.

या दृष्टीने निलंगा तालुक्याचा परिसर विशेष अभ्यसनीय आहे. मांजरा व तेरणा या नद्यांच्या काठचा हा मुलूख. येथील नीळकंठेश्वराचे मंदिर उत्तर चालुक्य-यादवकालीन शिल्पपरंपरेची साक्ष देते. बहमनी राजधानी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्ग्याहून बीदरला आली तेव्हापासून हा भाग राजसत्तेच्या अगदी उंबरठ्यावर राहिला. बहमनी, बरीदशाही, विजापूरकर, मोगल आणि अखेर आसफजाही अशा सत्ता बदलल्या. दरबारची भाषा आधी फार्शी आणि १८८० नंतरच्या दशकापासून उर्दू झाली. १९५६ पर्यंत निलंगा हा हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यातील तालुका होता. राज्यपुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तीन तालुके त्या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले व उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा ते त्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण हा शेजार मात्र म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिला. सोयरीक, बाजार आणि देवस्थाने या रेषेच्या दोन्ही बाजूंस पूर्वीइतकीच पसरलेली आहेत. मराठी, कानडी व दखनी या तीन भाषा एकाच बाजारात ऐकू याव्यात, तेलुगूचा प्रदेशही फार दूर नसावा, अशी ही जागा आहे.

प्रथम सामर्थ्याचा विचार करू. प्रमाण मराठीत ‘शकणे’ हे क्रियापद सामर्थ्याचे मुख्य साधन मानले जाते. संस्कृत ‘शक्’ धातूपासून प्राकृतातून आलेले हे रूप जुने आहे व त्याच्या कुळाविषयी वाद नाही. परंतु बोलीत त्याचा वापर वाटतो तितका नाही. पोहणारा ‘मला पोहता येते’ म्हणतो, ‘मी पोहू शकतो’ हे तो क्वचितच म्हणेल. शिकून मिळविलेले सामर्थ्य येथे ‘येते’. ते कर्त्याने मिळविलेले नसून कर्त्याकडे चालत आलेले आहे, म्हणून कर्ता चतुर्थीत जातो. ‘मला कानडी येते’ या वाक्यात तर कृदन्ताचीही गरज उरत नाही. (‘मला उद्या येता येत नाही’ हे वाक्य परभाषिकास कसे ऐकू येत असेल याची कल्पनाच करावी.)

आता शेजारच्या भाषा पाहाव्यात. कानडी मनुष्य ‘ननगे कन्नड बरुत्तदे’ म्हणतो. शब्दशः ‘मला कन्नड येते’. तेलुगूत ‘नाकु तेलुगु वच्चु’ म्हणजे तेच, आणि ‘नाकु तेलुगु रादु’ म्हणजे ‘मला तेलुगू येत नाही’. तिन्हीकडे जाणणारा चतुर्थीत व क्रियापद ‘येणे’ या अर्थाचे. एवढ्यावरून कोणी ‘मराठीने हा प्रयोग कानडीतून घेतला’ असा निर्णय देईल तर तो घाईचा ठरेल. कारण हिंदी-उर्दूतही ‘मुझे तैरना आता है’ असेच म्हणतात, आणि त्या प्रदेशावर कानडीचा प्रभाव सांगता येत नाही.

खरा भेद पुढच्या पायरीवर दिसतो. हिंदीतील ‘आना’ कौशल्यापाशी थांबते. मराठीतील ‘येणे’ तेथून पुढे शक्यतेकडे व तेथून परवानगीकडे जाते. ‘या वाटेने गाडी नेता येते’ यात कौशल्य नाही, शक्यता आहे; ‘येथे तुम्हांस बसता येणार नाही’ यात शक्यताही नाही, केवळ मनाई आहे. नेमकी हीच वाट कानडी व तेलुगूने चोखाळली आहे. कानडीतील ‘माडबहुदु’ म्हणजे ‘करता येईल, करण्यास हरकत नाही’. यातील ‘बहुदु’ हे ‘बरु’ म्हणजे ‘येणे’ याच धातूचे जुने रूप होय. तेलुगूतील ‘चेयवच्चु’ यातही ‘वच्चु’ म्हणजे ‘येणे’ हेच आहे.

यापेक्षाही बोलका पुरावा निषेधाचा आहे. ‘करू नये’ यातील ‘नये’ आज एक अखंड अव्ययासारखा शब्द वाटतो. पण तो ‘न ये’, म्हणजे ‘येत नाही’, असा दोन शब्दांचा सांधा आहे. कानडीत ‘माडबारदु’ म्हणजे ‘करू नये’, आणि ‘बारदु’ म्हणजे ‘येत नाही’. तेलुगूत ‘चेयरादु’ म्हणजे ‘करू नये’, आणि ‘रादु’ म्हणजे ‘येत नाही’. होकारार्थी रूप अनेक भाषांत योगायोगाने जुळेल. परंतु ‘येत नाही’ यापासून ‘योग्य नाही’ हा अर्थ तीन शेजारी भाषांत निघावा आणि उत्तरेकडील हिंदीत तो नसावा, हे केवळ योगायोगाने स्पष्ट होत नाही. १९५६ मध्ये एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा सिद्धान्त मांडला, आणि १९७१ मध्ये गंपर्झ व विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कानडी व उर्दू यांची वाक्यरचना एकमेकींकडे कशी सरकते ते दाखविले. निलंग्याकडील ‘येणे’ त्याच जातीचे उदाहरण आहे.

यादवकालीन मराठीत ‘म्हणों ये’, ‘करूं ये’ अशी होकारार्थी रूपे सररास होती व त्यांचा अर्थ ‘म्हणता येते’, ‘करता येते’ असा होता. ‘नये’चा अर्थही तेव्हा ‘शक्य नाही’ व ‘योग्य नाही’ या दोहोंमध्ये झुलत असे. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. होकारार्थी ‘ये’ने ‘ऊ’कारान्त रूपाशी असलेला संबंध सोडून ‘-ता’ रूपाशी जोडून घेतला. नकारार्थी ‘नये’ मात्र जुन्या घरातच राहिले व केवळ विधिनिषेधाचे झाले. म्हणून आजच्या मराठीत ‘करू शकतो’, ‘करू देतो’, ‘करू नये’, ‘करू नको’ हे सामर्थ्य, परवानगी, निषेध व मनाई सांगणारे चारही प्रयोग एकाच ‘करू’ या रूपावर उभे आहेत. ‘करू का?’ ही परवानगीची सर्वांत लहान विचारणाही त्याच रूपाची. जुने ग्रंथ व जुने कागद वाचताना हा अर्थविकास नजरेआड झाला तर असमर्थतेचे विधान निषेधाचे म्हणून वाचले जाण्याचा धोका आहे. ‘देतां नये’ असे लिहिणारा देऊ शकत नव्हता की त्याने देणे उचित नव्हते, हे प्रसंग पाहूनच ठरवावे लागते.

‘येणे’ यापासून सामर्थ्य व अनुज्ञा निघण्याची ही प्रवृत्ती मानवी मनात किती खोल असावी याचे एक दूरचे उदाहरण येथे देणे अस्थानी होणार नाही. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांच्या भाषेत ‘हिकी’ या शब्दाचा एक अर्थ ‘पोहोचणे, येऊन ठेपणे’ असा आहे व दुसरा ‘शकणे’ असा. ‘हिकी नो’ म्हटले की ‘होय, जमेल’ असा रुकार मिळतो. ‘आओले हिकी’ म्हटले की असमर्थता किंवा नकार. म्हणजे सामर्थ्य, अनुज्ञा व संमती या तिन्ही गोष्टी तेथे एकाच लहानशा शब्दाने भागविल्या जातात. पुकुई व एल्बर्ट यांच्या १९५७ च्या कोशात हे अर्थ पाहावयास सापडतात. त्या बेटांवर १८९३ मध्ये राजसत्ता उलथली गेली व १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. तरी तेथील बोलभाषेत ‘कॅन’ आणि ‘नो कॅन’ एवढ्याच शब्दांनी उत्तर देण्याची जी लकब रूढ झाली तिच्यात मूळच्या ‘हिकी’चा ठसा दिसावा हे स्वाभाविक आहे. हवाई व निलंगा यांच्यात संपर्क असण्याचे कारणच नाही. म्हणूनच हे उदाहरण सावधगिरी शिकविते : होकारार्थी साम्य पाहून उसनवारीचा निष्कर्ष काढू नये. वजन आहे ते ‘नये’, ‘बारदु’, ‘रादु’ या निषेधाच्या त्रिकुटाला.

शरीराच्या सामर्थ्यासाठी मराठीने वेगळी सोय केली आहे. ‘मला चालवत नाही’, ‘त्याच्याने उठवत नाही’ या शक्य क्रियापदांत इच्छा आहे पण देह साथ देत नाही असा अर्थ असतो. मराठवाड्याच्या बोलीत ‘चालवंना’, ‘खावंना’ अशी आटोपशीर रूपे होतात. याच्या जोडीला ‘माझ्यानं होत नाही’ हा प्रयोग आहे, आणि त्यालाही कानडीत ‘नन्निंद आगल्ल’ व तेलुगूत ‘ना वल्ल कादु’ असे तंतोतंत जोडीदार आहेत. ‘जमणे’ हे त्या मानाने मोकळेढाकळे. त्यात सामर्थ्य, सवड आणि मर्जी यांपैकी नेमके काय कमी पडले हे बोलणाऱ्याला सांगावे लागत नाही. ‘जमंना’ म्हणणाऱ्यास कोणी अधिक प्रश्न विचारीत नाही, हीच त्या शब्दाची लोकप्रियता.

आता रुकाराकडे वळू. मराठी ‘होय’ हे मूळचे क्रियापद आहे. संस्कृत ‘भवति’, प्राकृत ‘होइ’, मराठी ‘होय’. अर्थ ‘आहे, होते’. निलंग्याकडील ‘व्हय’ त्याचेच रूप. कानडी ‘हौदु’ हेही ‘आगु’, म्हणजे ‘होणे’, या धातूपासूनचे. तेलुगू ‘अवुनु’ही ‘होणे’ या अर्थाच्या धातूपासूनचे. हिंदीतील ‘हाँ’ची घडण अशी नाही. दखनी बोलणारा मात्र ‘हौ’ म्हणतो व नकाराला मराठीचे ‘नको’ घेऊन ‘नक्को’ म्हणतो. दिल्लीच्या उर्दूला हे दोन्ही शब्द गावंढळ वाटत आले आहेत. त्यांच्यात या प्रदेशाची शतकानुशतकांची सहवसती साठलेली आहे हे मात्र खरे.

नकाराची बाब याहून महत्त्वाची आहे. मराठीत ‘नाही’ व ‘नव्हे’ असे दोन नकार आहेत. ‘नाही’ अस्तित्व नाकारते, ‘नव्हे’ ओळख नाकारते. कानडीत ‘इल्ल’ व ‘अल्ल’, तेलुगूत ‘लेदु’ व ‘कादु’ असाच भेद काटेकोरपणे पाळला जातो. पुण्या-मुंबईच्या आजच्या बोलण्यात ‘नव्हे’ मागे पडत चालले आहे. सीमाभागात ते अधिक टिकून असेल तर त्याचे कारण कानडीचा शेजार हेच मानावे लागेल. उर्दूत दोहोंसाठी एकच ‘नहीं’. हैदराबाद राज्याच्या कचेऱ्यांचे कामकाज उर्दूत चालू लागल्यावर या भेदाचे काय झाले असेल याचा विचार करण्यासारखा आहे. ‘तो करार नव्हे’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा काहीतरी व्यवहार झाला होता, परंतु त्याचे स्वरूप कराराचे नव्हते, असे त्याचे म्हणणे असते. ‘करार नाही’ म्हणजे व्यवहारच झाला नाही. जबानी लिहून घेणाऱ्याच्या लेखणीखाली दोन्ही वाक्ये ‘क़रार नहीं है’ अशी उतरण्याचा संभव उघड आहे, आणि तशी उतरली की प्रतिपक्षाने व्यवहाराचा एखादा साक्षीदार उभा करताच पहिला बोलणारा खोटा ठरतो. ज्या मुलखात बहुसंख्य पक्षकारांस कचेरीची लिपीही वाचता येत नव्हती तेथे एका क्रियापदाचा असा लोप जमिनीच्या हक्कापर्यंत पोहोचू शकतो. उर्दू जबान्यांच्या आधारे मराठवाड्यातील कुळांचा इतिहास लिहिताना ‘नहीं’च्या मागे कोणता नकार होता हे तपासल्याशिवाय पुढे जाता कामा नये.

परवानगीची शब्दसंपत्ती पाहिली म्हणजे राजसत्तेचा हात स्पष्ट दिसू लागतो. सामर्थ्य व रुकार यांची क्रियापदे देशी राहिली. परवानगीची नामे मात्र जवळजवळ सर्व वरून आली. ‘परवानगी’ व ‘परवाना’ फार्शी, ‘मुभा’ अरबी ‘मुबाह’पासून, म्हणजे धर्मशास्त्राने ज्याला आडकाठी केली नाही ते, ‘मंजूर’ म्हणजे मुळात ‘पाहिलेले’, अर्थात धन्याच्या नजरेखालून गेलेले. सर्वांत उद्बोधक आहेत ते ‘राजी’, ‘रजा’ व ‘मर्जी’ हे तीन शब्द. तिघांचा अरबी धातू एकच, अर्थ ‘संतुष्ट असणे’. मराठीत येताना त्यांनी आपापल्या जागा वाटून घेतल्या : वरच्याची ती मर्जी, खालच्याला मिळते ती रजा आणि दोघांमध्ये कागद होतो तेव्हा लिहून देणारा तो राजी. ‘राजीनामा’ हा मूळचा संमतिपत्राचा शब्द. मुंबई इलाख्याच्या महसूल-व्यवहारात जमीन सोडणाऱ्याने राजीनामा द्यावयाचा व घेणाऱ्याने कबुलायत, अशी जोडी रूढ झाली. सोडण्यास राजी असल्याचा तो लेख पुढे सोडण्याचाच लेख झाला, आणि आज नोकरी सोडणाराही राजीनामाच देतो. संमतीच्या शब्दाला त्यागाचा अर्थ कसा चिकटला, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

शिवकाळात सुमारे १६७७ मध्ये तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फार्शी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. माधव जूलियन यांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश पाहिला म्हणजे अडीचशे वर्षांनंतरही परवानगीच्या क्षेत्रात फार्शी-अरबी शब्द किती घट्ट बसून होते ते कळते. कोशाने शब्द बदलतात, पण कचेरीची रीत बदलत नाही तोवर जुना शब्दच कामास येतो.

देशी शब्द नव्हते असे मात्र नाही. जुन्या मराठीत ‘निरोप’ म्हणजे आज्ञा, परवानगी. कानडीत ‘निरूप’ हा राजाज्ञेचा शब्द आहे. मराठीत पुढे त्याचे दोन अर्थ उरले : सांगून पाठविलेला मजकूर आणि जाताना घेतलेली रजा. जाणाऱ्याने थोरांची परवानगी मागावी हा जुना शिष्टाचार, आणि ‘निरोप घेणे’ हे त्याचे अवशेषरूप.

परवानगीवाचून केलेली कृती हा तर बीदरच्या राजवटीशी निगडित एका सुप्रसिद्ध कथेचा गाभाच आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे हुकुमावाचून खुली केली आणि त्या धान्याची रक्कम विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारात पोचती झाली. कथेचा ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न वेगळा. भक्तिकथा म्हणून ती सांगितली जात असली तरी तिच्यातील पेच शासकीय आहे : धान्य देता येत होते, पण देण्याची परवानगी नव्हती. आणि कथेचा शेवट दयेने होत नाही, पावतीने होतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकात हा पेच पुन्हा वेगळ्या रूपाने उभा राहिला. निजामी राजवटीत १९२० नंतरच्या दशकात निघालेल्या गश्ती निशाण ५३ या परिपत्रकाने सभा भरविण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे आवश्यक केले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. ‘इजाजत’ हा शब्द त्या पिढीच्या मराठीत जो कडवटपणा घेऊन आला तो कोशात मिळत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली, ‘परवानगी’ राहिली.

घरातील परवानगीचे व्याकरण निराळे आहे. तेथे नामांचे काम नाही. सून सासूला ‘आत्याबाई, जाऊ का माहेराला?’ असे विचारते. सासू ‘जा की’ म्हणते, आणि तिला नाहीच म्हणावयाचे असेल तर ‘सुगी झाल्यावर जा की’ म्हणते. ‘की’ दोन्हीकडे आहे. घरून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, व घरातले त्याला ‘या’ म्हणतात. कानडीत ‘होगि बरुत्तेने’ व तेलुगूत ‘वेळ्ळि वस्तानु’, म्हणजे ‘जाऊन येतो’, हाच संकेत. येथेही क्रियापद ‘येणे’ हेच, आणि रजा मागणे व ती देणे या दोन्ही क्रिया त्या एका शब्दात उरकल्या जातात. ‘जी’ हा मात्र चावडीवरचा शब्द. ‘जी मालक’ यात रुकार आहे, ऐकल्याची पोच आहे, आणि कित्येकदा केवळ भीती आहे. वेठीला बोलावलेल्या माणसाचे ‘जी’ संमती म्हणून नोंदविले जात असे. नोंद करणाऱ्याच्या भाषेत त्यासाठी ‘क़बूल’ याखेरीज दुसरे खण नव्हते.

‘चालणे’ हे या सर्वांत मोकळे क्रियापद. ‘चालेल’ म्हणणारा परवानगीही देत नाही व पुरती संमतीही देत नाही. व्यवहार अडणार नाही एवढेच तो सांगतो. गुजरातीतही हा प्रयोग आहे. लातूरकडे ‘चालतंय की’ म्हटले म्हणजे सौदा झाला असे समजतात, तरी त्यात ‘मी राजी आहे’ असे कोणीच म्हटलेले नसते. समान पातळीवरच्या दोन माणसांत हा शब्द सहज येतो. वरच्या अधिकाऱ्यास ‘चालेल’ म्हणणे अद्याप उद्धटपणाचे वाटते. बोलीने सत्तेची उतरंड कोठवर ओळखली आहे ते यावरून दिसते.

१९५६ नंतर निलंग्याच्या कचेरीतील उर्दू गेली, १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. ‘अनुज्ञा’, ‘अनुज्ञप्ती’, ‘संमती’, ‘मान्यता’ हे शब्द अर्जांच्या नमुन्यांत आले. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ‘परवाना’ व ‘मंजुरी’च राहिली, कारण शब्द उर्दू असो वा संस्कृत, तो त्याला वरूनच मिळत होता. जुन्या व नव्या भाषेचा विचित्र मिलाफ पाहावयाचा असेल तर खरेदीखत पाहावे. त्यात लिहून देणारा आजही ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ लिहून देतो. पहिल्या शब्दाने त्याची संमती आणि दुसऱ्याने त्याचे सामर्थ्य प्रमाणित होते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने मागितलेल्या दोन्ही अटी त्या एका फार्शी-अरबी जोडीत पुऱ्या होतात. खत वाचून दाखविल्यावर लिहून देणाऱ्यास विचारतात, ‘कबूल आहे ना?’ आणि तो ‘व्हय’ म्हणतो.